वाघाच्या वाटेने सहा दिवस

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण नर वाघ आईचे जंगल सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने वन विभागासोबत त्याच वर्षी फेब्रुवारीत ती बसवली होती. त्यामुळे तो कुठून कुठे जातो, हे उपग्रहामार्फत कळत होते. तेलंगणातील आदिलाबाद, मग पैनगंगेचे खोरे, नांदेड, हिंगोली असे जिल्हे ओलांडत तो डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत तो सुमारे १,३०० किलोमीटर चालला. त्यानंतरही त्याची भटकंती सुरूच राहिली. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तेव्हा एकूण अंतर ३,००० किलोमीटरच्या वर गेले होते. कागदोपत्री त्याचे नाव सी-१ होते. वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटले.

या वाटेवरचे हिंगोली हे नाव आम्हा परभणीकरांना थांबवणारे आहे. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली आपल्या परभणीचाच भाग होता. आज परभणी जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनी वाघ पुस्तकात पाहिला आहे. जंगल म्हणजे काय, हे मात्र त्यांना जिंतूरच्या डोंगराकडे बोट दाखवून सांगावे लागते. अशा आपल्या भागाच्या उशाशी कपाशी-तुरीच्या रानातून रात्री-अपरात्री वाघ चालत गेला, आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ही वाट व्हॅनमधून पाहायचे ठरवले. आम्ही दोघेही शिक्षक. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, पण आजवरचा आमचा प्रवास म्हणजे लग्नकार्य, दवाखाना आणि निवडणुकीची ड्यूटी. थोरली मुलगी आता पुण्याला शिकते. धाकटा दादीजवळ राहायला तयार झाला. दादीचा प्रश्न मात्र सरळ होता, "इत्ता पैसा खर्च करके झाडां देखने जाना?" मुलांचे अब्बा हसले आणि म्हणाले, "अम्मी, तुम दुवा करो, बस."

तयारी

आमची ईको व्हॅन जुनी आहे. मागचे सीट काढून तिथे गादी टाकली, खिडक्यांना पडदे शिवले. पाण्याचे दोन कॅन, वजूसाठी बदना, जानमाज, छोटी शेगडी, डाळ-तांदूळ, खिमा भाजून कोरडा केलेला, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे एवढे बरोबर घेतले. रस्त्यात जेवण कुठे चालेल, कुठे नाही, हा आपल्या घरांचा नेहमीचा प्रश्न. स्वतःची शेगडी असली की तो राहत नाही, आणि खर्चही निम्म्यावर येतो. मुक्काम बहुतेक नातलगांकडे केला, एक-दोन ठिकाणी लॉजवर. व्हॅनमध्ये झोपायचे झाले तर मोठ्या रस्त्यावरचा, रात्रभर सुरू असलेला पेट्रोल पंपच गाठायचा, हे आधीच ठरवले होते.

पैनगंगेच्या काठाने

पहिल्या दिवशी फजरनंतर निघालो. नांदेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. एका काठाला नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा, आणि दुसऱ्या काठाला यवतमाळ, म्हणजे विदर्भ. काळ्या खडकावरून पाणी अनेक धारांनी खाली येते. नोव्हेंबरात पावसाळ्यातला जोर नव्हता, तरी आवाज लांबवर येत होता. याच नदीने पैनगंगा अभयारण्य तीन बाजूंनी वेढलेले आहे.

मुक्काम किनवटला नातलगांकडे केला. दुसऱ्या दिवशी आदिलाबादमार्गे पुन्हा पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला पोहोचलो. हा श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती आणि रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्यांची रांग लागली होती.

पांढरकवडा हे नाव वाघांच्या बाबतीत गोड आठवणीचे नाही. याच भागात, राळेगावकडच्या रानात, १३ माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. तिला मारण्यावरून देशभर वाद झाला. शहरातले लोक तिच्या बाजूने बोलत होते आणि गावातली माणसे संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला घाबरत होती. त्यानंतर चारच महिन्यांनी टिपेश्वरमधल्या वाघाला कॉलर बसली. वाघाच्या बातम्या वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

सुन्ना गावाजवळच्या फाटकाकडे जाताना एका शेतात बायका कापूस वेचत होत्या. पाणी मागायच्या निमित्ताने थांबलो. आम्ही जंगल पाहायला आलो, हे ऐकून एक म्हातारी बाई म्हणाली, "तुमी वाघ पाह्याले पैशे देता. आमाले तो फुकट दिसते." सगळ्या हसल्या. मग तिनेच सांगितले की वेचणीला आता कुणी एकटे जात नाही, चौघी-पाचजणी मिळूनच जातात आणि ऊन कलायच्या आत घरी परततात. तिच्या बोलण्यात वाघाचा राग नव्हता, पण गंमतही नव्हती.

टिपेश्वर

टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. आत वन विभागाकडे नोंद केलेल्या जिप्सीतून, वाटाड्या सोबत घेऊनच जावे लागते. आमची व्हॅन बाहेरच राहिली. एक फेरी सकाळी असते, एक दुपारी. आम्ही सकाळची घेतली. आत गेल्यावर गाडीतून उतरता येत नाही. दुपारच्या फेरीत असरची वेळ गाडीतच निघून जाते. सकाळी फजर उरकून जाता येते आणि जुहरच्या आत आपण बाहेर असतो.

पहाटेची थंडी मराठवाड्यातल्या माणसाला सोसत नाही इतकी होती. सागाची मोठाली पाने दवाने जड झाली होती. आधी चितळांचा कळप दिसला, नंतर नीलगायी, आणि एका वळणावर सांबर. वाटाड्या जवळच्याच गावचा तरुण होता. त्याने अचानक हात वर केला. चितळाचा इशाऱ्याचा आवाज आला होता. तो आवाज आम्हाला कुत्र्याच्या छोट्या भुंकण्यासारखा वाटला.

पाणवठ्याशी वाघीण होती. ती पाण्यात अर्धी बसली होती, पाठ आमच्याकडे करून. मागे गवतात आणखी एक डोके हलले. तिचा बछडा, पण अंगाने जवळजवळ तिच्याएवढाच. तीन-चार मिनिटे कुणी बोलले नाही. नंतर ती उठली, अंगावरचे पाणी झटकले आणि गवतात शिरली. बछडा तिच्या मागे गेला.

बाहेर येताना आम्ही विचारले, "हा पुढे इथेच राहील?"

"नर आहे. वर्षभरात निघेल," वाटाड्या म्हणाला.

"कुठे जाईल?"

"तेच तर त्याला पाहावं लागेल."

वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते. नराला स्वतःचा इलाखा लागतो, आणि तिथे आधीच मोठा नर असेल तर त्याला निघावेच लागते. टिपेश्वरसारख्या लहान अभयारण्यात वाघांची वाढ चांगली झाली, पण जागा तेवढीच राहिली. देशभरातही असेच चित्र आहे. २००६ च्या गणनेत भारतात १,४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या ३,६८२ पर्यंत गेली. महाराष्ट्रात याच काळात वाघ १०३ वरून ४४४ झाले. ही मोठी कमाई आहे. पण वाघ वाढले तसे जंगल वाढत नाही. उरलेल्यांनी जायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर वॉकर चालून शोधत होता.

परतताना मुलांचे अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पिंकीला पुण्याला सोडायला गेलो होतो, तेव्हा हॉस्टेलच्या फाटकाशी ती एकदाच वळून बघून आत गेली." आम्ही दोघांनीही पुढे काही बोललो नाही. पांढरकवडा येईपर्यंत गाडीत पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

दोन जंगलांच्या मध्ये काय आहे

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटंजी, आर्णी, महागाव करत उमरखेडला आलो. चौथ्या दिवशी सकाळी बिटरगावच्या बाजूने पैनगंगा अभयारण्याची कड पाहिली. इथे सफारीची गर्दी नाही. सागाचे जंगल, मधूनमधून वस्त्या, गुरे घेऊन जाणारी पोरे. तिथून पुसदमार्गे इसापूर धरणावर आलो. पैनगंगेवरचे हे धरण यवतमाळ आणि हिंगोलीच्या सीमेवर आहे आणि त्याच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा आहे. पाण्याच्या कडेला बगळे, पाणकावळे आणि बदकांचे थवे होते. तिथेच शेगडी पेटवून खिचडी केली. मुक्कामाला हिंगोलीत नातलगांकडे गेलो.

नकाशावर ही सगळी ठिकाणे हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात. टिपेश्वर एक ठिपका, पैनगंगा दुसरा, इसापूर तिसरा, ज्ञानगंगा फार लांब. रस्त्याने जाताना कळते की ठिपक्यांच्या मध्ये मोकळी जागा नाही. कपाशी आहे, तूर आहे, सोयाबीन काढून रब्बीसाठी नांगरलेली काळी वावरे आहेत, कालवे, गावे, वीटभट्ट्या आणि रस्ते आहेत. वॉकर बहुतेक रात्री चालायचा. दिवसा तो नाल्याच्या झाडीत किंवा उंच पिकात पडून राहायचा. म्हणजे त्याची वाट राखीव जंगलातून कमी, आणि तुमच्या-आमच्या नातलगांच्या शेतातून जास्त गेली. त्याला जगू देण्यात वन विभागाइतकाच वाटा, नकळत का होईना, त्या शेतकऱ्यांचा आहे.

हिंगोलीत आमच्या मामूंनी एक गोष्ट सांगितली. २०१९ च्या त्या दिवसांत त्यांच्या ओळखीचे शेतकरी रात्री तुरीला पाणी द्यायला जायचे बंद झाले होते. वीज रात्रीच यायची, पाणी तर द्यायलाच हवे होते. "बाघ गया आगे," मामू म्हणाले, "लेकिन तूर सूख गई किसी किसी की." अशा नुकसानीचा हिशोब कुठल्याच कॉलरमध्ये येत नाही. वाघाने जनावर मारले किंवा माणसाला इजा केली, तर सरकारी भरपाई मिळते. त्यासाठी लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. ज्या घरात शेती आहे, तिथे एवढी माहिती प्रत्येकाला असावी.

लोणार आणि समृद्धी

पाचव्या दिवशी सेनगाव, रिसोड करत लोणारला थांबलो. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे आणि उतारावर जंगल. हा छोटासा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे दिसले. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवट होते. काठावर मोर फिरत होते.

लोणारहून मेहकरकडे जाताना नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ओलांडावा लागतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आता पूर्ण खुला झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. वॉकर ज्ञानगंगेला पोहोचला तेव्हा या रस्त्याचे काम सुरू होते. आज तसाच एखादा वाघ आला, तर त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी बंद केलेला सहा पदरी रस्ता असेल. प्राण्यांसाठी त्यावर काही ठिकाणी वरून आणि खालून वाटा ठेवल्या आहेत. अशा वाटा चालतात, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. नागपूरच्या पुढे पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी मार्ग बांधले गेले, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यातून जाताना कॅमेऱ्यात नोंदले गेले. रस्ता लागतोच, आम्हीही त्यावरूनच फिरलो. पण नवा रस्ता आखतानाच जनावराची वाट ठेवली, तर दोघांचेही काम होते.

ज्ञानगंगा

सहाव्या दिवशी सकाळी बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे निघालो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात अस्वल, बिबट्या, नीलगाय, रानडुक्कर, चितळ असे प्राणी आहेत. चढावर गाडी सावकाश घेतली. एका वळणावर मोर आडवा गेला, म्हणून थांबलो आणि काच खाली केली. पानगळ सुरू व्हायची होती. वारा नव्हता.

एवढे चालून आल्यावर वॉकरला इथे खायला मिळाले, पाणी मिळाले, भांडायला दुसरा नर नव्हता. वाघीण मात्र एकही नव्हती. बाहेरून मादी आणून सोडावी का, अशी चर्चा झाली. पण जंगल लहान, त्याला लागून दुसरे मोठे जंगल नाही, आजूबाजूला दाट वस्ती. इथे कुटुंब वाढले तर पुढच्या पिढीने जायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहिला असता. वीस वर्षांनी पहिल्यांदा दोघेच फिरायला निघालेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून काय वाटले असेल, ते वाचकांना सांगायला नको. पोट भरले आणि छप्पर मिळाले म्हणजे घर होत नाही. जनावरालाही हा नियम लागू आहे.

वॉकर एकटाच असा नाही. यवतमाळकडून आलेला एक वाघ मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात नोंदला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, आणि पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचाच निघाला. मराठवाड्याच्या पूर्वेला एक जंगल आहे आणि तिथून तरुण वाघ पश्चिमेकडे निघतात, हे आता वारंवार दिसते आहे. त्यांच्या वाटेवर आपण आहोत.

घरी आल्यावर

खामगाव, मेहकर, लोणार, मंठा, जिंतूर असे करत रात्री परभणीत आलो. सहा दिवसांत जवळजवळ हजार किलोमीटर झाले. सुट्टी संपल्यावर चौथीच्या वर्गात नकाशा टांगला. मुलांनी अभयारण्ये हिरव्या खडूने रंगवली आणि मधली वाट पेन्सिलने काढली. एका मुलीने विचारले, "टीचर, उसकू रस्ता किसने बताया?" कुणीच नाही, असे सांगितल्यावर तिने पेन्सिलची ती रेघ पुन्हा ठळक केली.

ज्यांना अशी सफर करायची असेल त्यांच्यासाठी थोडे. सफारीची नोंदणी वन विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने आधी करावी आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. आठवड्यातून एक दिवस जंगल बंद असते, पावसाळ्यातही बंद असते, ते पाहूनच निघावे. बायका बरोबर असतील तर शौचालयाची सोय कुठे आहे, हे मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून घ्यावे. जंगलाच्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर गाडी नेऊच नये. न्यावीच लागली तर ताशी तीस-चाळीसच्या वर नको.

आणि ज्यांची शेती आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रानडुकरांसाठी कुंपणात विजेची तार सोडू नका. तो गुन्हा आहे. त्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत, आणि शेतकऱ्याच्या घरची माणसेही मेली आहेत. शेतातल्या विहिरीला कठडा नसेल तर या उन्हाळ्यात बांधून घ्या. रात्री चालणारे जनावर त्यात पडते, आणि पाणी आणायला गेलेले आपले मूलही पडू शकते.